वेगाचा हिशेब : आंब्याची गाडी, डिझेल आणि आपला खिसा

(मालवण तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्येचा अध्यापक आहे, गाड्या दुरुस्त करणारा नव्हे. त्यामुळे आज खत, पाणी, तण किंवा आंतरपिके सोडून मी गाडीच्या वेगावर बोलणार म्हटल्यावर आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. पण आपण बागेचा जमाखर्च मांडायला बसतो तेव्हा काय होते ते आठवून पाहा. खताच्या पिशव्या, तुडतुड्यांवरील फवारण्या, राखण, तोडणीची मजुरी, पेट्या, पेंढा हे सगळे आपण बारकाईने लिहितो. वाहतुकीपाशी आलो की एकच आकडा टाकतो आणि पुढे जातो. हा आकडा जणू देवाने ठरवून दिला आहे, अशी आपली समजूत असते. वास्तविक त्यातला मोठा भाग गाडी चालवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली असतो.

मालवणहून वाशीच्या बाजार समितीपर्यंत पावणेपाचशे ते पाचशे किलोमीटरचा रस्ता आहे. पूर्वी महामार्ग अरुंद आणि वळणांचा होता, त्यामुळे मनात असले तरी फार वेगाने जाता येत नसे. आता सिंधुदुर्गातला महामार्ग चौपदरी आणि सिमेंटचा झाला आहे. कसालला गाडी महामार्गावर चढली की समोर रस्ता मोकळा दिसतो आणि पाय आपोआप खाली जातो. रस्ता सुधारला ही आनंदाची गोष्ट. मात्र त्या सुधारणेचा फायदा आपल्या पदरात पडतो की डिझेलच्या धुरात जातो, हे आपणच ठरवायचे आहे.

घरचाच एक अनुभव

प्रथम एक चूक सांगतो, कारण ती माझ्याच घरातली आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात माझ्या मामांच्या बागेतला आंबा वाशीला जायचा होता. पेट्या भरायला उशीर झाला. चारला निघणारी पिकअप साडेपाचला निघाली. मामेभाऊ गाडी चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. गेलेला वेळ भरून काढायचा म्हणून कसालपासून त्याने गाडी ताशी ८० च्या खाली येऊ दिली नाही. मीही त्याला अडवले नाही. उलट माझ्याही मनात बाजार चुकण्याची धास्ती होती. तळेऱ्याच्या आसपास पाठीमागे फडफड ऐकू आली. घाईत बांधलेली ताडपत्री वाऱ्याने एका कोपऱ्यातून फाटली होती आणि वरच्या थरातल्या दोन पेट्या कलल्या होत्या. गाडी बाजूला घेऊन सगळे पुन्हा बांधायला चाळीस मिनिटे गेली.

नंतर मी कागदावर हिशेब केला. कसाल ते तळेरे हे अंतर साधारण ४० किलोमीटर. ताशी ६० ने ते ४० मिनिटांत कापले जाते, ८० ने ३० मिनिटांत. म्हणजे आम्ही दहा मिनिटे कमावली आणि चाळीस गमावली. पहाटे वाशीला पोचलो तेव्हा माल उतरवणाऱ्यांची रांग लागलेलीच होती, तिथे आणखी तासभर उभे राहिलो. परत आल्यावर मामेभावाने वही उघडली, तर त्या खेपेला नेहमीपेक्षा सहा लिटर डिझेल जास्त गेले होते. मामा एवढेच म्हणाले, "दीड तास माझ्या अंगणात गेलो, तो तुम्ही रस्त्यावर शोधत होतात." आजच्या भाषणाचा सगळा अर्थ त्या एका वाक्यात आहे. पुढे मी फक्त त्याची कारणे सांगणार आहे.

गाडीला मागे कोण खेचते?

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाणाऱ्या गाडीला दोन गोष्टी मागे खेचतात. एक रस्ता, दुसरी हवा.

रस्त्याचा रोध म्हणजे फिरताना टायर दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात जी शक्ती वाया जाते ती. हा रोध मुख्यतः गाडीच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेवर अवलंबून असतो. वेग वाढला म्हणून तो फारसा वाढत नाही.

हवेचा रोध मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो समजायला प्रयोगशाळा नको. चिवला किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उतरा आणि सावकाश चाला. पाणी जाणवतही नाही. आता त्याच पाण्यात धावायचा प्रयत्न करा. चार पावलांत दम लागतो. पाणी तेच, पाय तेच, फक्त वेग वाढला. हवा पाण्यापेक्षा पुष्कळ पातळ आहे, एवढाच फरक. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेग तिप्पट झाला की नऊपट. शिवाय दुप्पट वेगाने हा चौपट रोध दर सेकंदाला दुप्पट अंतर ढकलायचा असतो, म्हणून हवा कापण्यासाठी लागणारी अश्वशक्ती आठपट होते. मासेमारी करणाऱ्या आपल्या बांधवांना हे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. होडीचा वेग थोडा वाढवायचा तर यंत्राला किती जास्त तेल पाजावे लागते, ते त्यांना विचारा.

आता आपल्या पिकअपचा हिशेब मांडू. गाडी आणि माल मिळून वजन २८०० किलो, पेट्या टपाच्या वरपर्यंत रचलेल्या, रस्ता सपाट, वारा नाही असे धरले, तर ढोबळ गणित असे येते. रोधाचे आकडे किलोभारात आहेत, म्हणजे जणू तेवढ्या वजनाचा दगड दोरीला बांधून गाडीला मागे ओढतो आहे.

ताशी ४० किमी : रस्ता ३४, हवा १४, एकूण ४८, लागणारी शक्ती सुमारे ७ अश्वशक्ती.
ताशी ६० किमी : रस्ता ३४, हवा ३१, एकूण ६५, शक्ती सुमारे १४.५ अश्वशक्ती.
ताशी ८० किमी : रस्ता ३४, हवा ५५, एकूण ८९, शक्ती सुमारे २६ अश्वशक्ती.
ताशी १०० किमी : रस्ता ३४, हवा ८६, एकूण १२०, शक्ती सुमारे ४४ अश्वशक्ती.

शेवटची ओळ फक्त गणितासाठी दिली आहे. भरलेल्या पिकअपने त्या वेगाच्या वाटेला जाऊ नये. ताशी ६० च्या आसपास रस्ता आणि हवा जवळजवळ बरोबरीत असतात. तिथून पुढे सगळा कारभार हवेच्या हातात जातो. ६० वरून ८० वर गेलात की प्रत्येक किलोमीटरला गाडी ओढण्याचे काम ३७ टक्क्यांनी वाढते. जास्त भारावर इंजिन थोडे अधिक कार्यक्षम चालते, त्यामुळे डिझेल अगदी ३७ टक्के वाढत नाही. तरी चौथा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त जाते असे धरायला हरकत नाही. ज्या खेपेला ४० लिटर लागतात तिथे सगळा रस्ता ८० ने कापता आला, तर १० लिटरच्या वर जादा. घाट, गावे आणि वळणे यामुळे सगळा रस्ता तसा कापता येत नाही, म्हणून आमच्या त्या खेपेला सहाच लिटर गेले. आपल्या पंपावरच्या आजच्या दराने गुणून पाहा आणि हंगामातल्या खेपांनी पुन्हा गुणा.

मग बैलगाडीच्या वेगाने जावे का?

इथे एखादा चतुर बागायतदार विचारेल, "गुरुजी, वेग जितका कमी तितका रोध कमी, तर मग ताशी २० ने गेलो की डिझेल सगळ्यांत कमी लागेल ना?" प्रश्न योग्य आहे. उत्तर मात्र "नाही" असे आहे, आणि ते समजण्यासाठी इंजिनाच्या आत डोकवावे लागेल.

आंबा बागेत राखणदार ठेवला की दिवसाला दहा पेट्या निघोत की शंभर, त्याचा पगार तोच. इंजिनाचेही तसेच आहे. दट्ट्यांचे घर्षण, तेलाचा पंप, पाण्याचा पंप, विजेचा जनित्र, हे सगळे गाडी उभी असली तरी चालू राहते. नुसते चालू ठेवलेले पिकअपचे इंजिन तासाला अर्धा ते एक लिटर इंधन पिऊन टाकते. ताशी २० ने १०० किलोमीटर जायला पाच तास लागतात, म्हणजे पाच तास राखणदाराचा पगार. शिवाय इतक्या कमी वेगाला खालचा गिअर लागतो आणि इंजिनाच्या फेऱ्या काही कमी होत नाहीत. म्हणून फार हळू गेल्यास किलोमीटरमागे खर्च पुन्हा वाढतो.

एका बाजूला इंजिनाचा स्थिर खर्च, दुसऱ्या बाजूला हवेचा वाढता खर्च. आलेख काढला तर तो परातीसारखा दिसतो, दोन्ही कडा वर आणि मधे तळ. वरच्या गिअरमध्ये इंजिन कुरकुर न करता चालू शकेल असा जो कमीत कमी वेग, त्याच्या थोडे वर हा तळ असतो. बहुतेक मोटारी आणि पिकअपसाठी तो ताशी ४५ ते ६० च्या पट्ट्यात येतो. भारत सरकारच्या पेट्रोलियम खात्याने १९७८ मध्ये सुरू केलेली पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था वाहनचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा सल्ला देत आली आहे, त्यामागचे शास्त्र हेच. मोटारसायकलवाल्यांनीही हे लक्षात ठेवावे. अनेक मोटारसायकलींच्या वेगमापकावर ४० ते ६० दरम्यान काटकसरीचा हिरवा पट्टा असे, तो शोभेसाठी नव्हता.

इंजिन बनवणाऱ्यांनी काय केले?

आपल्यापैकी पुष्कळांच्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिन चालले आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि तिच्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या विहिरी बोलत्या केल्या. पंपाच्या इंजिनाचे आयुष्य सोपे असते. एकच भार, एकच वेग, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. त्यामुळे बनवणारा ते इंजिन त्याच एका कामासाठी नेमके जुळवून देऊ शकतो.

गाडीच्या इंजिनाचे तसे नाही. वर पाहिले, भरलेल्या पिकअपला ताशी ६० ने सपाटीवर जायला १५ अश्वशक्तीही लागत नाही. पण तीच गाडी घाट चढणार, ट्रकला मागे टाकणार, म्हणून तिला ६०-७० अश्वशक्तीचे इंजिन द्यावे लागते. म्हणजे वाड्याला दोन माणसे राहायला आणि खोल्या दहा. रिकाम्या खोल्यांचीही झाडलोट करावी लागते. इंजिन जेव्हा आपल्या ताकदीच्या मानाने फार कमी भारावर चालते, तेव्हा इंधनाचा मोठा वाटा स्वतःला फिरवण्यातच जातो.

पेट्रोल इंजिनाची यात आणखी एक अडचण. निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार धावांचे इंजिन यशस्वी केले, आजचे पेट्रोल इंजिन त्याचाच वंशज. त्यात कमी शक्ती हवी असली की हवेची झडप अर्धवट मिटून श्वास कोंडावा लागतो, आणि तो कोंडलेला श्वास ओढण्यात शक्ती जाते. रुडॉल्फ डिझेल यांनी हवा जास्त दाबून तिच्याच उष्णतेने इंधन पेटवायचे ठरवले. १८९७ मधील चाचणीत त्यांच्या इंजिनाने इंधनातील २६ टक्के उष्णता कामात बदलून दाखवली. त्या काळी ही फार मोठी मजल होती. डिझेल इंजिन नेहमी पूर्ण श्वास घेते आणि फक्त इंधनाची मात्रा कमी-जास्त करते. म्हणून कमी भारावरही ते काटकसरीने चालते. शेतीमाल वाहणाऱ्या गाड्यांत डिझेलचे राज्य आले ते त्यामुळे.

नंतरच्या सुधारणांची दिशाही हीच आहे, की गाडी रोज ज्या वेगाने चालते त्या वेगाला इंजिन आपल्या चांगल्या भारावर असावे. पाचवा गिअर आला, त्यामुळे तोच वेग कमी फेऱ्यांत मिळू लागला. टर्बो आला, त्यामुळे लहान इंजिनातून गरजेपुरती मोठी ताकद मिळू लागली आणि दहा खोल्यांचा वाडा सहा खोल्यांत बसला. जास्त दाबाच्या कॉमन रेल पद्धतीमुळे इंधन बारीक तुषारात आणि नेमक्या क्षणी जाऊ लागले. बहुतेक टर्बो डिझेल इंजिने १५०० ते २२०० फेऱ्यांच्या पट्ट्यात सर्वांत समाधानी असतात. फेऱ्यांचा काटा नसेल तर कान वापरा. इंजिन घुमू लागले तर गिअर वर घ्या, ठोकू लागले तर खाली.

मात्र इतके करूनही हवेचा नियम कोणालाच बदलता आलेला नाही. पिकअपची पेट्यांची भिंत हवेपुढे तशीच उभी असते. विजेवरची गाडी घेतलीत तरी हवा तीच आहे. वेग वाढवला की तिची बॅटरीही तितक्याच झपाट्याने उतरते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेसारख्या श्रीमंत देशानेही १९७४ मध्ये महामार्गांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली होती. ती १९९५ मध्ये उठली. पण तेल मोजून वापरायचे ठरले तेव्हा त्यांनाही प्रथम वेगच आठवला.

आणखी एक खुलासा. गाडी घेताना विक्रेता लिटरला अमुक किलोमीटरचा आकडा सांगतो. तो खोटा नसतो. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थेत (ही १९६६ सालची) गाडी रुळांवर ठेवून ठरावीक पद्धतीने चालवतात, त्यातून तो येतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरलेल्या चाचणीत कमाल वेग ताशी ९० आणि सरासरी वेग ताशी तीसच्या थोडा वर असतो. तिथे ना तुमच्या पेट्या असतात, ना परशुराम घाट. तेव्हा तो आकडा दोन गाड्यांची तुलना करायला वापरावा, आपल्या खेपेचा हिशेब करायला नव्हे.

खताचा नियम रस्त्यावर

आता माझ्या विषयाकडे येतो. खताची पहिली मात्रा दिली की उत्पादन चांगले वाढते. दुसऱ्या मात्रेने थोडे कमी वाढते. तिसऱ्या, चौथ्या मात्रेने खर्च तेवढाच, वाढ मात्र जेमतेम. याला आपण घटत्या फलाचा नियम म्हणतो, आणि तो आपल्याला पाठ आहे. वेगाला तोच नियम लावून पाहा. १०० किलोमीटर मोकळ्या रस्त्याला लागणारा वेळ असा :

ताशी २० वरून ४० वर गेलात तर १५० मिनिटे वाचतात.
४० वरून ६० वर गेलात तर ५० मिनिटे वाचतात.
६० वरून ८० वर गेलात तर २५ मिनिटे वाचतात.
८० वरून १०० वर गेलात तर फक्त १५ मिनिटे वाचतात.

प्रत्येक वेळी मात्रा सारखीच, ताशी २० किलोमीटरची. मिळकत मात्र घटत जाते. उलट खर्च प्रत्येक पायरीला वाढत जातो. ४० वरून ६० वर जाताना रोध १७ किलोभाराने वाढतो, ६० वरून ८० वर जाताना २४ ने, ८० वरून १०० वर जाताना ३१ ने. चौथी मात्रा सर्वांत महाग आणि सर्वांत कमी फळ देणारी. शेतात कोणी अशी मात्रा द्यायला सांगितली तर तुम्ही त्याला बांधावरूनच परत पाठवाल. मग रस्त्यावर ती आपण राजीखुशीने का घेतो?

तासाला किंमत नाही असे मी म्हणत नाही. आंबा नाशवंत आहे, तो उन्हात उभा राहू नये, पहाटेच्या बाजाराला पोचावा, हे खरेच. पण तो तास रस्त्यावर विकत घेणे सगळ्यांत महाग आणि अंगणात वाचवणे सगळ्यांत स्वस्त. पेट्या आदल्या दिवशी जोडून ठेवणे, पेंढा हाताशी ठेवणे, तोडणी सकाळी लवकर उरकणे, प्रतवारीसाठी एक माणूस जादा लावणे, याने तास-दीड तास सहज निघतो. एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी आणि जादा डिझेल यांची तुलना करा. त्यात फाटलेली ताडपत्री, झिजलेले टायर, हिंदकळून डागाळलेला आंबा धरा. आणि रात्रीच्या महामार्गावर झोपाळलेल्या डोळ्यांनी भरधाव जाणारा तुमच्या घरातला मुलगा धरा. त्याची किंमत कोणत्याच वहीत लिहिता येत नाही.

घाटाचा हिशेब

ज्यांचा माल आंबोलीमार्गे बेळगाव-कोल्हापूरकडे जातो, त्यांच्यासाठी दोन शब्द. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. २८०० किलोची गाडी तिथवर नुसती उचलायलाच साधारण पावणेदोन लिटर डिझेल लागते. घाट जोरात चढा की सावकाश, हे पावणेदोन लिटर सुटत नाहीत. म्हणून चढणीला योग्य गिअरमध्ये एका लयीत जावे. वळणापर्यंत पळवायची, वळणावर ब्रेक मारायचा आणि पुन्हा पळवायची, यात फक्त नुकसान आहे. हीच गोष्ट सपाटीवरची. ८० च्या वेगातून गाडी थांबवून पुन्हा ८० वर न्यायला सुमारे ६० मिलिलिटर डिझेल जाते, ६० च्या वेगाला सुमारे ३५. वीस वेळा ब्रेक मारला की लिटरची गोष्ट झाली. लांबवर नजर ठेवून आधीच पाय उचलणारा चालक हा खरा काटकसरी चालक.

उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडण्याची सवय आपल्याकडे फार आहे. "डिझेल वाचतं" असे सांगितले जाते. ही समजूत चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकेच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जातच राहते. इंजिन बंद करून उतरणे तर जिवावरचे आहे, कारण ब्रेकला मिळणारी मदत संपते आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देतात. ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

आपला प्रयोग आपणच करावा

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. आम्ही शेतावर एखादी नवी जात तपासतो तेव्हा तुल्य प्लॉट ठेवतो आणि एका वेळी एकच गोष्ट बदलतो. तसेच इथे करा. पंपावर टाकी काठोकाठ भरा आणि किलोमीटरचा आकडा लिहा. खेप करून आल्यावर त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. लागलेले लिटर आणि कापलेले किलोमीटर वहीत उतरवा. तीन खेपा नेहमीच्या वेगाने करा, तीन खेपा ताशी ५५-६० च्या वर न जाता. गाडी तीच, चालक तोच, पेट्या जवळपास तेवढ्याच, टायरची हवाही तीच. पोचल्याची वेळही लिहा, म्हणजे खरोखर किती वेळ वाचला की वाचलाच नाही, हेही कळेल. एकाच खेपेवरून निष्कर्ष काढू नका. तीन पुनरावृत्त्या हव्यातच.

थोडक्यात लक्षात ठेवण्यासारखे

१. मोकळ्या सपाट रस्त्यावर भरलेली पिकअप वरच्या गिअरमध्ये ताशी ५० ते ६० ने, एकसारख्या वेगाने चालवा.
२. मागची वाहने अडवू नका. चौपदरी रस्त्यावर डाव्या मार्गिकेने जा.
३. खेपेपूर्वी थंड टायरची हवा तपासा. भाराप्रमाणे कंपनीने सांगितलेला दाब ठेवा.
४. पेट्यांची रास शक्य तितकी खाली आणि पुढे टपाच्या उंचीला जुळती ठेवा. ताडपत्री चारही कोपऱ्यांनी घट्ट बांधा. फडफडणारी ताडपत्री म्हणजे हवेला दिलेले निमंत्रण.
५. रिकामा कॅरिअर, जुन्या फळ्या, नको असलेले वजन परतीच्या वाटेवर वागवू नका.
६. बाजारात रांगेत उभे असताना इंजिन बंद ठेवा.
७. हवेचा फिल्टर वेळेवर साफ करा अथवा बदला. इंजिनाला कोंडलेला श्वास परवडत नाही.
८. उतारावर न्यूट्रल नको.
९. गाडी भाड्याची असली तर चालकाशी वेळेचा करार करा, वेगाचा नको. त्याला तासभर आधी भरून द्या.

बंधू-भगिनींनो, बाजारात भाव काय मिळेल हे आपल्या हातात नाही. मोहोर किती टिकेल, अवेळी पाऊस येईल का, हेही आपल्या हातात नाही. डिझेलचा दर तर मुळीच नाही. पण गाडी केव्हा निघेल आणि किती वेगाने जाईल, एवढे नक्की आपल्या हातात आहे. माझ्या मामांच्या अंगणात आता आंब्याच्या हंगामात भिंतीवर एक पाटी लटकते. तिच्यावर खडूने फक्त गाडी निघण्याची वेळ लिहिलेली असते. ती वेळ पाळली गेली की रस्त्यावर कोणालाच घाई नसते. येत्या हंगामात तुमच्याही मांगरात अशी एक पाटी असावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.